दिवे लाल झाले की माणसं बाहेर काढायची

प्रिय दुलात, माझ्या शिंगरा,

स्युयिन्शी! आधी स्युयिन्शी कबूल कर, मग बातमी. चांगली बातमी आणणाऱ्याने मागितलं की ऐकणाऱ्याने "हवं ते घे" म्हणायचं असतं, काय हवंय ते आधी विचारायचं नसतं, हे तुला, तू दूध पीत होतास तेव्हापासून माहीत आहे. तू जन्मलास तेव्हा टपालवाली धावत सांगायला आली, तर तुझ्या आजोबांनी डोक्यावरची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढून तिला दिली आणि सगळा फेब्रुवारी कानाला माझं फडकं बांधून फिरले. लोक हसले, पण दिली म्हणजे दिली. तर म्हण बघू, "हवं ते घे, अपा." मोठ्याने म्हण. खोलीत दुसरे कामगार असतील तर असू देत.

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर तू "हं" म्हणतोस. मी म्हणते लाल गाय व्याली, तू "हं". मी म्हणते वाऱ्याने गोठ्याचा पत्रा उडाला, तू "हं". पत्रा लागून अपा मेली असं सांगितलं तरी तू "हं" म्हणशील. कागदाशी तसं करता येत नाही. ओराझबेक म्हाताऱ्याचा जावई सोमवारच्या शिफ्टच्या बसने तुमच्या खाणीवर जातोय, त्याच्या हाती देते आहे. अक्षर वाईट आहे, लावून वाच. माझ्या चार इयत्ता झाल्या, त्यातलीही चौथी निम्मीच, त्या वर्षी मेंढ्यांत रोग आला होता.

बातमी तुझ्या खेळाची आहे. जाताना तू मला संगणकापुढे बसवून म्हणालास, "अपा, रोज दुपारी चारला हे हिरवं बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. तीन दिवस चाल गेली नाही तर माझा देश यंत्र चालवायला घेतं, आणि यंत्र नेहमी बॉम्ब टाकतं." एवढं बोलणं तू सगळ्या हिवाळ्यात केलं नव्हतंस, म्हणून माझ्या चांगलं लक्षात राहिलं. त्या जगात आपल्याकडचे बॉम्ब आपण देऊन टाकलेच नाहीत, स्तेपीतच ठेवले, आणि आजूबाजूचे छोटे देश धरून आपला एक गट केला. समोर समुद्रवाल्यांचा गट, त्यांचा म्होरक्या तो 'जुना कप्तान', ज्याला तू पुटपुटत शिव्या द्यायचास. दोघांकडे पाच पाच दिवे, वैर वाढलं की एकेक लागतो. पाचवा लागला की बॉम्ब सुटतात. कुणीही न टाकता दोनशे दिवस निघाले तर सगळे जिंकतात, पण तसं झालेलं कुणी पाहिलं नाही, असं तू सांगितलंस. तू गेलास तेव्हा आकडा एकशे एकेचाळीस होता.

पहिले पंधरा दिवस मी नुसतं दाबलं. चहा ओतायचा, बटण दाबायचं, चहा प्यायचा. ओराझबेक कुंपणावरून विचारायचा, "काय कुल्पाश, आज जग वाचलं का?" मी म्हणायचे, "वाचलं, पण तू तुझ्या बोकडाला बांध, नाहीतर तो वाचायचा नाही." मग हळूहळू मी शहरांवर बाण नेऊन बघायला लागले. बाण नेला की आत किती माणसं आहेत ते दिसतं. आपलं सेमेयही आहे त्यात, नदीकाठी. माणसं दिसायला लागली की मग नुसतं बटण दाबवत नाही रे. त्यांना मी सकाळीही एकदा बघून यायला लागले, कोंबड्यांना बघते तसं.

आणि एक दिवस आपल्या बाजूचा तिसरा दिवा लागला. मी काही केलं नव्हतं, देवाशपथ. कप्तानाच्या हेरांनी काहीतरी वावडी उठवली होती. दिवा लाल. खाली एका बटणावर चालत जाणाऱ्या माणसांचं चित्र होतं. तू हात लावू नकोस म्हणाला होतास, पण माझा हात तिथे कधी गेला ते मलाच कळलं नाही. अकराच्या अकरा शहरांतली माणसं मी बाहेर माळावर काढली.

तुला माहीत आहे, मी दुसरीत होते तेव्हा स्तेपीत बॉम्ब फोडून बघायचे, त्या दिवशी ट्रकमधून शिपाई यायचे. दारं ठोकायचे. आज बाहेर या, म्हणायचे, घरं पडली तर खाली सापडाल. मग सगळा गाव कोरड्या नाल्यात पालथा पडायचा, अंगावर नमदे ओढून. माझी आजी चहाचा समोवरही घेऊन यायची, कुणी विचारलं तर म्हणायची, माणसं नवी होतील, समोवर कुठून आणू. मान वर करायची नाही असं बजावलेलं असायचं. माझी बहीण झाउरेश करायची. मी नाही केली, मी आजीच्या बुटांकडे बघत राहायचे, त्यातला एक दोरीने बांधलेला होता. मग खालून जमीन हलायची, घोडा अंग झटकतो तशी. मग उठायचं, घरी जायचं, काचा झाडायच्या, चहा ठेवायचा. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. तर दिवे लाल झाले की माणसं बाहेर काढायची, एवढं मला कळतं. चौथी निम्मीच झाली, पण हे पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी कप्तानाने त्याच्या बाजूचा चौथा दिवा लावला. निरोपही पाठवला. यंत्र त्याच्या बोलण्याचं आपल्या भाषेत करून देतं, ते मी बोट ठेवून ठेवून वाचलं. म्हणे, "तू शहरं रिकामी केलीस. जो पहिला वार करणार असतो तोच आपली शहरं रिकामी करतो, म्हणजे उलटा वार झाला तर माणसं सापडू नयेत. इतके दिवस मी तुला सरळ समजत होतो. तुला दोन दिवस देतो." मी ते तीनदा वाचलं. मी माणसं वाचवायला बाहेर काढली आणि त्याला वाटलं मी त्याच्यावर सुरी उगारली! मला लिहायचं होतं, पण त्या बटणांच्या पाटीवरची अक्षरं मला सापडत नाहीत, एक 'क' शोधेपर्यंत चहा गार होतो.

तेवढ्यात दारात तुझी बायको उभी, मेरुएर्त.

रागावू नकोस, मी बोलावलं नव्हतं. अयागोझहून आली होती, तिचं शिवणयंत्र न्यायला. काळी पडली आहे, वाळली आहे, केस मागे घट्ट बांधलेले. दारातच म्हणाली, "अपा, मी बसत नाही, गाडीवाला थांबलाय." मी म्हटलं, "गाडीवाल्याला दे घालवून, इथे अकरा शहरं माळावर पडली आहेत." ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मग पडद्याकडे बघितलं, कप्तानाचा निरोप वाचला, कोट न काढता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सांगा, मी लिहिते."

आता इथे मला थोडं मागचं लिहावं लागेल. तू वाचायचं टाळू नकोस. बाळ एकोणीस दिवसांचं होऊन गेलं तेव्हा मी रडले नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. गेलेल्याच्या नावाने तळतात त्या सात पोळ्या घेतल्या आणि तळल्या. तुझ्या आजोबांच्या वेळी रडले होते, तुझ्या आईच्या वेळी थोडं कमी, झाउरेशच्या वेळी आणखी कमी. बाळाच्या वेळी काहीच नाही. गोठलेल्या बोटाला सुई टोचावी तसं, टोचलेलं दिसतं, कळत नाही. शहरातल्या डॉक्टरबाईंनी तुला विचारलं होतं, मूळचे कुठले. तू गावाचं नाव सांगितलंस, त्यांनी लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. पण तू परत आलास तो भिंतीकडे बघत, माझ्याकडे बघत, मग स्वतःच्या हातांकडे बघत, जणू त्या बॉम्बचं विष आपल्याच रक्तात शोधत. बाळाचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी तू मेरुएर्तची पेटी बसवर नेऊन ठेवलीस. "जा," म्हणालास. नुसतं "जा." ती "का" म्हणाली, तू म्हणालास "बरं होईल." मी चुलीपाशी होते. मी चुलीत लाकडं सारत राहिले. त्यानंतर तू या पडद्यापुढे बसलास तो खाणीवर जाईपर्यंत. घरात दोन माणसं होती आणि दोन्ही बधिर.

तर मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. "कप्तान, मी खेळणाऱ्याची आजी आहे. वार करायचा माझा विचार नाही. आमच्याकडे असं झालं की माणसं बाहेर काढतात. मला राग नव्हता, भीती होती. जी माझी होती त्यांनाच मी बाहेर काढलं." इथे तिची बोटं थांबली. म्हणाली, "शेवटचं परत सांगा." मी परत सांगितलं. तिने ते हळूहळू लिहिलं, एकेक अक्षर, जणू तिलाही 'क' सापडत नव्हता.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मेरुएर्त राहिली होती, गाडी गेली होती. कप्तान म्हणाला, त्याचा विश्वास बसत नाही, पण असलं खोटं कुणी रचणार नाही. माणसं घरी आण, आणलीस की मी दिवा विझवतो. मी म्हटलं, आधी तू विझव. तो म्हणाला, आधी तू, रिकामी शहरं तुझी आहेत. बघ म्हणजे! त्याचे चार दिवे जळत असताना माणसं परत छपराखाली न्यायची. तो खोटा निघाला तर? मी बाण सेमेयवर नेला आणि दुलात, माझा हात थरथरायला लागला. जी माणसं नाहीतच त्यांच्यासाठी! मला भीती वाटत होती. किती वर्षांनी मला काहीतरी वाटत होतं! मी हसायलाच लागले, आणि हसता हसता रडायला, नाक वाहतंय, पडदा दिसेना. मेरुएर्तने माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघींनी मिळून दाबलं. सेमेय. मग पुढचं. अकराही. माणसं घरी आली.

चार वाजता कप्तानाचा दिवा विझला. मग आपल्या बाजूचा तिसराही विझला. मी बाहेर जाऊन ओराझबेकला एवढ्या जोरात हाक मारली की त्याचा बोकड कुंपणावरून पळाला. कप्तानाशी आता रोज बोलणं होतं. बोटीवर तो कधी गेलाच नाही, शाळेत भूगोल शिकवायचा, गुडघ्यांनी घरी बसला आहे. मेंढीच्या शेपटाची चरबी कोमट करून लाव, असं त्याला कळवलं आहे. त्याच्याकडे तशा मेंढ्याच नाहीत म्हणे, कसला देश! आणि काल दोनशे झाले, शिंगरा. दोनशे! एकही बॉम्ब नाही. पडद्यावर फटाके वगैरे काही आलं नाही, नुसता नकाशा राहिला, सगळे दिवे विझलेले, शहरांत माणसं. मी अर्धा तास बघत बसले. ही झाली बातमी.

आता माझी स्युयिन्शी. मेरुएर्त चार दिवस राहिली आणि गेली, शिवणयंत्र मात्र नेलं नाही, जड आहे म्हणाली. आली तेव्हा जड नव्हतं. बसपाशी तिने मला विचारलं, "अपा, दुलातनेही मला छप्पर पडेल म्हणूनच बाहेर काढलं का?" शेजारच्या बोकडाशीही बोलते ती मी, पण तिची पिशवी तेवढी बसमध्ये चढवून दिली. ते उत्तर माझ्याकडचं नाही. तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतं, पण कप्तानालाही मी जे लिहिलं तेच कळलं, न लिहिलेलं नाही. मला शाल नको, कोकरू नको, टोपी तर मुळीच नको. तिला लिही. भीती होती असं असेल तर भीती होती म्हणून लिही. घरी ये म्हणणार असशील तर ते दिवे जळत असतानाच म्हणावं लागतं, मी करून बघितलं आहे, हात फार थरथरतो पण दाबलं जातं. आणि तसं नसेल, खरोखर रागच असेल, तर तेही लिही, म्हणजे मी तिचं यंत्र पाठवून देते. कप्तानाने मला दोन दिवस दिले होते. ओराझबेकचा जावई पंधरा दिवसांनी परत येतो, तुला मी तेवढे देते. त्याच्या हाती चिठ्ठी दे, तिच्या नावाची, बंद करून. मी उघडणार नाही. तू "हवं ते घे" म्हणालास, मी ऐकलं.

तुझीच,
अपा