‘घाबरा’ हा शब्द मी काढला

६ जून २००६, मंगळ.
युरोपातून मिरेलाचं पार्सल आलं एकदाचं! कस्टम्समध्ये अडकलं होतं. रोज फोन, रोज तेच, ‘मॅम, इट्स अंडर रिव्ह्यू.’ विष म्हटलं की आताशा इथे सगळ्यांचे कान टवकारतात. आत दोन बाटल्या, तळाशी पिवळी पूड. तिकडच्या शिंगवाल्या व्हायपरचं वाळवलेलं विष. आपल्या घोणसाचा युरोपातला भाऊबंद, नाकावर एवढंसं शिंग. एक बाटली डोंगरातल्या सापांची, एक समुद्रकाठच्या. मि. तिकडे विष काढते, मी इथे त्यातले घटक वेगळे करते. साप एकाच जातीचे, मग प्रतिविष एकाला नीट लागू पडतं आणि दुसऱ्याला का नाही?
हात शिवशिवतायत. घटक वेगळे करायचं मशीन शुक्रवारपर्यंत दुसऱ्याच कुणी बुक केलंय. कटकट.

१४ जून, बुध.
प्रोजेक्टचं दुसरं अंग: लोकांसाठी पत्रक. तिकडचे मेंढपाळ साप दिसला की ठेचतात, इथले लोक फावडं काढतात. मि.ने पहिली ओळ लिहून पाठवली, ‘घाबरा, पण मारू नका.’ माझ्या मराठी पत्रकातून मी ‘घाबरा’ काढून टाकलं. तिला लिहिलं, बाई, आमची माणसं आधीच साप साप म्हणून भुई धोपटणारी, त्यांना अजून काय घाबरवायचं?
तिचं उत्तर एका ओळीचं. ‘तुझी माणसं, तू जाण.’
रागावली बहुतेक. रागावू दे.

२४ जून, शनि.
इथल्या मराठी मंडळात सापांवर माझं भाषण झालं. शाळेचा हॉल, एसी फुल, निम्म्या बायका शाली गुंडाळून. मुलांचं एकच, ‘कॅन वी टच वन?’ पुरुषांना समोसे गार होण्याची काळजी. मी मात्र रंगात आले. ‘साप आपणहून कधीच अंगावर येत नाही. खरा शत्रू भीती!’ टाळ्या!
पहिल्या रांगेत कुसुममावशी. शेजारच्या निखिलची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी इकडे आलेली. मंडळाच्या मुलांना पेटी शिकवते, गणपतीच्या आरत्या बसवून घेतेय. नंतर माझा हात धरून म्हणाली, ‘बाप्पा! जन्मभर उगाच भीत राहिली गं मी.’
येताना गाडीत श्री म्हणाला, ‘शेवटी शेवटी प्रवचन झालं.’ नवरा आहे, टाळ्या कशा ऐकू येतील?

९ जुलै, रवि.
मावशी बॅकयार्डात अनवाणी फिरत होती. ‘आता नाही भीत. तू सांगितलं ना!’ म्हटलं, मावशी, चपला घाला तरी. हसली. इतकं बरं वाटलं की मि.ला लगेच मेल केली. बघ, ‘घाबरा’ न सांगताही चालतं.
उत्तर नाही.

१९ जुलै, बुध.
मशीन मिळालं. दोन्ही पुडींचे आलेख शेजारी ठेवले. समुद्रकाठच्या विषात एका घटकाचा उंच सुळका, डोंगरातल्यात तो नाहीच. तीनदा चालवून पाहिलं. माझी चूक की खरंच नाही? जेवण गेलं नाही. बेसिनशी उभी राहून दहीभात गिळला.
मि.चं अजून काही नाही. ती रागावली की डोंगरात निघून जाते.

२९ जुलै, शनि.
धड लिहिता येईल असं वाटत नाही. तरी.
नागपंचमी. म्हणजे मंडळाची. इथे तिथी काहीही असो, सण शनिवारी. दुपारी निखिलचा फोन, ‘वृंदाताई, पळत या, आईला साप चावला.’ म्हटलं, आधी नऊ-एक-एक लाव, मला काय फोन करतोस! पळाले.
डेकच्या, म्हणजे मागच्या लाकडी ओट्याच्या, पायरीशी वाटीभर दूध, हळदकुंकू, आणि लाह्या मिळाल्या नाहीत म्हणून सीरियलच्या डब्यातला फुललेला तांदूळ. डेकखाली राहणारा साप मावशीने आधीच पाहून ठेवला होता. कुणाला बोलली नाही. तांबूस, अंगावर नक्षी. कॉपरहेड, इथला विषारी साप! फणा नाही म्हणून नाग नाही, पण पाहुणा तर आहे, म्हणून तिने वाटी हाताने पुढे सरकवली.
उजव्या हाताची तर्जनी. मनगटाच्या वर पदराची चिंधी करकचून बांधलेली. ती आधी सोडली, बांधायचं नसतं. पाटल्या साबण लावून काढल्या. अंगठी निघेना. पुष्कराजाची, नेमकी त्याच बोटात. अँब्युलन्स येईपर्यंत बोट वांग्यासारखं झालं.
हॉस्पिटलमध्ये नर्स अंगठी कापायचं कटर घेऊन आली. मावशीने हात छातीशी धरला. ‘आज नागपंचमी. आज काही कापायचं नसतं.’ निखिल ओरडला, रडला. नर्सला काही कळेना. बोटाचं टोक निळं पडत चाललेलं. मावशी हात देईना.
मी म्हटलं, ‘मावशी, खरी तिथी उद्या आहे. मंडळाने सोयीसाठी आज केली.’
तिने माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला.
खरी तिथी कधी, मला माहीत नव्हतं.

३० जुलै, रवि.
प्रतिविष लागू पडलंय. जिवाला धोका नाही म्हणतात. बोटाचं सांगत नाहीत. पेटी वाजवणाऱ्या बाईचं बोट!
निखिल कॉरिडॉरमध्ये, ‘ताई, साप आपणहून चावत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?’ आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. घरी येऊन श्रीवर खेकसले. त्याने फक्त चहा विचारला होता.
पंचांग कपाटावर आहे. उघडलं नाही.

३ ऑग., गुरु.
मि.ला सगळं लिहिलं होतं. आज उत्तर. ओरडेल वाटलं होतं. म्हणते, ‘इतकी वर्षं विष काढते, अजून दर वेळी माझा हात थरथरतो. ज्या दिवशी थरथरणार नाही, त्या दिवशी नोकरी सोडेन.’ आणि खाली, ‘तुझा सुळका खरा आहे. इथेही तसंच आलंय.’
या बातमीसाठी दोन महिने तडफडत होते. वाचली आणि लॅपटॉप बंद केला.
मी तर फक्त पूड बघितलेली बाई! जिवंत साप काचेपलीकडे. आणि हॉलभर माणसांना सांगते, भीती सोडा!

१२ ऑग., शनि.
मावशी घरी. आठवडाभर दारावरून परत येत होते, आज गेले. बोट मधल्या पेरात वळत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. मला रडू फुटलं.
‘काहून रडून राहिली गं?’
म्हटलं, तुम्हाला खोटं सांगितलं. तिथीचं.
‘मला माहीत होतं. तिथी त्याच दिवशी होती, सकाळीच पाहून घेतलं होतं मी.’
मग हात का दिलात?
‘तुझं तोंड पाहिलं म्हणून. भाषणात तू भ्यायली नव्हती, तर मीही नाही भ्यायली. दवाखान्यात तू पांढरीफटक! म्हटलं, ही भ्यायली म्हणजे खरंच काहीतरी आहे.’
मग म्हणाली, चहा ठेव, साखर जास्त.
निखिल आतून बाहेर आलाच नाही. गॅरेजच्या भिंतीला नवं कोरं फावडं टेकवलेलं.

१५ ऑग., मंगळ.
पत्रक दुरुस्त केलं. पहिली ओळ मि.ची, जशीच्या तशी. तिला पाठवलं. ‘चपला घाला हेही लिही,’ एवढंच उत्तर.

२६ ऑग., शनि.
उद्या गणपती. सकाळी मावशीकडे तालीम. तर्जनी ताठ वर धरून बाकीच्या बोटांनी वाजवतेय. एक सूर दर वेळी गळतो. मुलं तिथे जोरात ओरडून भरून काढतात. कार्ट्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
मंडळाच्या सेक्रेटरीला तिने परस्पर सांगून टाकलंय की आरतीआधी पाच मिनिटं वृंदाची. मी नाही म्हटलं. कुठल्या तोंडाने बोलू? ‘याच तोंडाने,’ म्हणाली. ‘पण दवाखान्यात होतं ना, तसलं घेऊन ये.’
निखिल दारापर्यंत सोडायला आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

दुपार. हे लिहिताना त्याचा फोन. दबक्या आवाजात, ‘ताई, तो परत आलाय. डेकखालीच. फावडं हातात आहे माझ्या. आई म्हणते आधी वृंदाला विचार. काय करू?’
म्हटलं, मावशीला आत घे, दार लाव, लांब उभा राहा, मी येते. अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन केला, साप धरणारा माणूस यायला वेळ लागेल म्हणतात. तोवर निखिलने फावडं खाली ठेवलं तर ठीक. त्याने ऐकावं असं माझ्याकडे काय आहे, कोण जाणे.
बूट शोधतेय. हात थरथरतायत. थरथरू देत.