पोटावर माती, डोळ्यांवर माती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घातलाय, प्रत्यक्ष घातला असता तर उठवायला दोन माणसं लागली असती.) तुझा दमा कसा आहे? दाजींना अजून कमी ऐकू येतं, की आता सोयीपुरतंच ऐकू येतं? मी इकडे खुशाल आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

शिवणाचं दुकान बंद केल्यापासून माझी पाठ दुखते, हे मी तुला तीनदा सांगितलं. तीनही वेळा तू म्हणालीस, "अंगाला हालचाल नाही, दुसरं काय!" शेवटी मी गावाबाहेरच्या निसर्गोपचार केंद्रात दहा दिवसांसाठी दाखल झालो. इथे गोळी नाही, सुई नाही. माती, पाणी, ऊन आणि उपास, एवढ्यावर माणूस बरा करतात. (झाडंही अशीच वाढवतात, फक्त झाडांना उपास घडवत नाहीत.) सकाळी लिंबू-मधाचं पाणी, दुपारी काकडीचा रस, आणि संध्याकाळी दुपारची आठवण. पहिल्याच दिवशी मला गार पाण्याच्या टबात बसवलं. डोकं बाहेर, पाय बाहेर, मधला मी तेवढा आत. आयुष्यभर मी लोकांच्या कंबरेची मापं घेतली, पण आपल्याला कंबर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मातीच्या खोलीत दोन खाटा आहेत. मातीवाल्या बाई पोटावर मातीचा जाड थर देतात, डोळ्यांवर मातीची पट्टी ठेवतात, आणि मग अर्धा तास हलायचं नाही. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर असायचे. एकमेकांचं तोंड दिसत नसलं की जीभ कशी सैल सुटते बघ. मी तीन दिवस बोलत होतो, ते हुंकार देत होते. चौथ्या दिवशी मी हिच्याबद्दल बोललो. ही गेली तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही लावत होतो. निरोप आला होता, पण म्हटलं, एवढी बाही लावतो आणि निघतो. हे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. (आता सांगितलं. रडू नकोस, दमा उसळेल.) त्या दिवशी हुंकारसुद्धा आला नाही. मला वाटलं, केवढा समजूतदार माणूस! बाईंनी पट्टी काढली, तर शेजारची खाट रिकामी.

"मास्तर कुठे गेले?"

"ते कालच घरी गेले की, काका."

"मग मी इतका वेळ बोलत होतो ते?"

"मी होते ना कोपऱ्यात, माती कालवत." आणि हात पुसत हळूच म्हणाल्या, "बोलत जा हो. बाकीचे नुसते घोरतात."

त्यानंतर रोज बोललो. पण आज, आठव्याच दिवशी, डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "छान! पाठ एकदम मोकळी झाली. उद्या घरी जा."

मी घाईघाईनं मान पुढे केली. मान चांगली निघाली. गुडघा दाखवला, तोही फितूर. शेवटी त्यांनी विचारलं, "काका, घरी कोण असतं?"

"मी असतो," म्हटलं.

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'रोज सकाळी तासभर चालणे, कोणाच्या तरी सोबतीने.' उपचार लिहून दिला, पण तो मिळतो कुठे, ते काही लिहिलं नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पाठ मुळात फारशी दुखतच नव्हती. इथे रोज सकाळी येऊन "झोप लागली का?" असं विचारतात, हे एका जुन्या गिऱ्हाइकाकडून कळलं होतं, म्हणून आलो.

आणखी एक ता. क. गेल्या वर्षी तू राहायला बोलावलंस तेव्हा मी तोऱ्यात नाही म्हणालो, ते विसरून जा. रविवारी शिलाई मशीन घेऊन येतोय. अडचण असेल तर शनिवारपर्यंत फोन करून कळव. फोन मी बंद ठेवणार आहे.