टॉर्च धरणारी

ता. ३ जून

चि. छकू हिस, अ. उ. आ.

तुझी मान आता वळते का? उशी पातळ घे म्हणून सांगितलं होतं, घेतली नसशीलच. जावईबापूंचा खोकला बसला का? तुझ्या सासूबाईंचे गुडघे जिना चढू देतात का? आणि आमच्या नातीचा, खटपटीचा, पुढचा दात उगवला की अजून शिट्टीच वाजते? मी ठणठणीत आहे. तुझ्या आईचं म्हणणं वेगळं आहे, पण पत्र मी लिहितोय.

खटपटीसाठी शहरात विज्ञानाचा क्लास शोधतेयस हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. अगं, सबंध सुट्टी पोर माझ्या दुकानात होती. मिक्सर उघडला, पंख्याची कॉइल गुंडाळली, नऊ वर्षांची असून सोल्डरिंग माझ्याइतकं गुळगुळीत करते. आता आणखी काय शिकवणार तिला? मी कुठल्या क्लासला गेलो होतो? लोकांच्या बिघडलेल्या वस्तूंनीच मला शिकवलं.

तरी शोधायचाच असेल, तर एक बघ. सुटल्यावर मुलांचे हात काळे झालेले असले तर क्लास. स्वच्छ असले तर नुसतं व्याख्यान.

आशीर्वाद आहेतच, राग थोडा आहे.
तुझा बाबा

ता. १९ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

मान बरी आहे. उशी घेतली नाही. बाकी सगळे ठीक, दात अर्धा आलाय.

तुमची हात बघायची कसोटी घेऊन तीन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी मुलं पडद्यावर ज्वालामुखी बघत होती. दुसऱ्या ठिकाणी खोक्यातले रंगीत तुकडे चित्राप्रमाणे जोडायचे. खटपटीनं चित्र न बघता जोडले, तर बाई म्हणाल्या की असं चालत नाही. ती बूट घालून दारात जाऊन उभी राहिली.

तिसरा क्लास एका जुन्या गॅरेजमध्ये आहे. लांबच लांब टेबल, प्रत्येकापुढे पक्कड नि टेस्टर. पालकांना मागच्या बाकावर बसू देतात. सर सांगतात, घरातली बंद पडलेली वस्तू आणा. स्वतः हात लावत नाहीत, मुलांनाच बिघाड शोधू देतात. सर म्हणतात, चुकलं तर सांगा, लपवू नका. खटपटी घरी येते ती कोपरापर्यंत काळी! सर म्हणतात, हात चांगला आहे तिचा.

रागातला थोडा कमी करा, बाकीचा लोभ राहू द्या.
तुमची छकू

ता. २७ जून

चि. छकू हिस, अ. उ. आ.

हात चांगला आहे, हे त्या गृहस्थांना आत्ता कळलं. तो हात घडवला कुणी, ते विचारलं का त्यांनी? तुझ्या एका पत्रात ‘सर म्हणतात’ इतक्यांदा आलंय की पत्र तुझं की त्यांचं, असं तुझ्या आईनंच मला विचारलं. काल खटपटीचंही चार ओळींचं पत्र आलं. त्यातल्या तीन सरांच्या. चौथीत माझी तब्येत.

सोबत माझा जुना रेडिओ पाठवतोय. बंद आहे. बिघाड मी मुद्दाम करून ठेवलाय, हे वर्गात सांगायचं नाही. शोधू दे त्यांना. बघू तुझ्या सरांची शाळा किती खोल आहे ती. सापडला तर सरांना माझा नमस्कार सांग. नाही सापडला तर आवर्जून सांग.

तुझा बाबा

ता. १२ जुलै

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

रेडिओ वाजला. पण कसा, ते ऐका.

मुलांनी तो पाऊण तास उलटासुलटा केला. खटपटीनं पहिल्या मिनिटाला स्क्रू काढले आणि सगळी जणं आतल्या तारांत डोकी घालून बसली. सर बाजूला गप्प. मी मागच्या बाकावर. मला राहवेना. तुम्ही रेडिओ उघडायच्या आधी गंज बघायला सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगवर नख फिरवायचात, रोज, प्रत्येक रेडिओच्या. मी उठले, सेल काढले, नख फिरवलं. पारदर्शक चिकटपट्टी निघाली.

खटपटी म्हणाली, आजोबांनी हे मला कधी शिकवलं नाही. बाबा, मलाही नाही शिकवलंत. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो, म्हणून ती आधी उघडते. माझ्या हातात टॉर्च असायचा, म्हणून मी तुमचे हात बघत बसायची. दादाला बळंबळं शेजारी बसवायचात, तो पळून जायचा. मी पळत नव्हते, तर मला शॉक बसेल म्हणायचात.

लाज वाटते सांगायला, पण त्या गॅरेजमध्ये दर शनिवारी मला माझ्या लेकीचा हेवा वाटतो. मी बारा वर्षांची असताना तुम्ही गावाला गेलात तेव्हा मी इस्त्रीची वायर बसवली होती. आल्यावर एक शब्द न बोलता तुम्ही ती उघडून पुन्हा बसवलीत. माझं काय चुकलं होतं, एवढंच सांगा.

छकू

ता. २० जुलै

चि. छकू हिस, अ. उ. आ.

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं, जसं येईल तसं जाऊ देतो.

काही चुकलं नव्हतं. खोट काढायलाच मी ती इस्त्री उघडली होती. वायरची आतली गाठ माझ्या गाठीपेक्षा घट्ट होती. मला कुणी शिकवलं नाही, धक्के खात शिकलो आणि त्याचा तोरा होता. पोरीनं नुसतं बघून उचललं, हे मला बघवलं नाही. म्हणून ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. जशी तू बांधली होतीस, अगदी तशीच. पुढं सगळ्या इस्त्र्यांना तीच बांधत आलो. गिऱ्हाइकं माझं नाव घ्यायची, मी घेऊ द्यायचो.

शॉकचं निमित्त होतं. सरांवर जळलो ते तुला दिसलं, तुझ्यावर जळलो ते इतकी वर्षं झाकलं.

सोबत लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर पाठवतोय. मूठ माझ्या अंगठ्यानं झिजलीय, तुला आधी टोचेल. खटपटीनं मागितला तरी देऊ नकोस, तुझा आहे. शनिवारी मागच्या बाकावरून उठ आणि टेबलाशी जागा माग. सरांना माझा नमस्कार सांग, एकदाच.

पुढच्या पत्रात त्यांचं एक अक्षर नको. तू काय उघडलंस तेवढं लिही, आणि लवकर लिही.

तुझा बाबा