बिनयमकाच्या कविता

सातारा, १२ जानेवारी १९४३

आकारामला सांगलीत धरलं! छापखान्याचे भाऊसो कानाशी लागून म्हणाले, "तुमचा तो माणदेशी मास्तर गावला. तारा तोडल्या म्हणं." आमच्या शाळेच्या अंकाचं प्रूफ तपासायला गेलो होतो, ते अर्धवट टाकून घरी आलो.

त्याच्या नऊ कविता माझ्याकडे आहेत. त्याच्याच अक्षरात, दुसरी प्रत नाही. लपायला जाताना देऊन गेला — "नव्या कवितेचा संग्रह काढताय न्हवं? ह्या असू द्या तुमच्यापाशी." निम्मा संग्रह त्यांच्यावरच उभा आहे. माझ्या कवितांपेक्षा त्या चांगल्या आहेत. इथं लिहायला काय हरकत!

१४ जानेवारी

शकुंतलेला वाचून दाखवल्या. "यमक नाही, चाल नाही. पाठ कशा राहायच्या?" यमक म्हणजे पांगुळगाडा, असं मी तावातावानं सांगितलं. "पांगुळगाडा धरूनच पोर चालायला लागतं," म्हणाली. हिच्या तोंडी कोण लागणार!

मग हळूच म्हणाली, "ती मेंढरं तारेच्या खांबाला अंग घासतात, ती कविता कुणाला दाखवू नका." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोलिसाला तेवढं पुरे.

८ मार्च

खाकी कपड्यातला एक जण छापखान्यात माझं घर विचारत होता. भाऊसोंनी दाद दिली नाही. वर्गात एकच धडा दोनदा शिकवला.

९ मार्च

आज तो शाळेच्या फाटकाशी होता. उंच, पायात बूट. मी मागच्या दारानं पळालो. हेडमास्तरांना पोट बिघडलंय म्हणालो.

नोकरी जाईल. मला आत टाकतील. शकुंतलेला दिवस गेलेत. तिनं कुणाच्या दारात जायचं?

१० मार्च

बंबात घातल्या. सगळ्या. "निदान एक ठेवा," शकुंतला म्हणाली. नाही ठेवली. त्या पाण्यानं आंघोळ करवेना.

११ मार्च

आठवून लिहायला बसलो. मेंढरं आठवतात, खांब आठवतो. ओळ एकही नाही. यमक असतं तर काही तरी हाती लागलं असतं. शकुंतलेनं बंबातली राख काढून भांड्यांना घेतली.

१३ मार्च

खाकीवाला घरी आला. पोलीस नव्हेच — कोंडीबा, आकारामचा धाकटा भाऊ. पलटणीतून रजेवर आलाय. बूट बाहेर काढून दाराशीच बसला.

"दादा वारला, मास्तर. जेलात, तापानं. शेवटाला भेटलो तवा म्हनला, कागद मास्तरांकडं हायती, आईला वाचून दाव."

जाळले, हे तोंडातून निघेना. कागद छापखान्यात आहेत म्हणालो. "मग एक तरी म्हना की तोंडपाठ. आई वाट बघतीया."

डोळे मिटून एक म्हटली. माझी.

तो मान खाली घालून ऐकत होता. "व्हय," म्हणाला, "दादाचीच हाय. लिवून द्या."

लिहून दिली.

२ एप्रिल

संग्रह छापायला दिला. त्यात आकारामची एक कविता आहे.