पूर्णेतला पडीन आणि रुंद पातं

प्रिय वच्छलाबाई,

तुमचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे आणि मी तुमच्यावर रुसून लिहायला बसले आहे. गेलेल्या नणंदेचा हेवा करणारी भावजय अख्ख्या जळगाव जामोदात दुसरी नसेल. पण काल पूर्णेवर जे झालं, ते तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

मी लग्न होऊन आले, तेव्हा तुम्ही विधवा होऊन माहेरी परतला होतात. मला तुमची दया यायची. पहिल्याच रविवारी ती संपली. तुम्ही लुगडं वर खोचलंत, बांबूची काठी खांद्यावर टाकलीत आणि भावाबरोबर नदीवर निघालात. "मी येऊ?" मी विचारलं. हे म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? भाकरी करून ठेव." तुम्ही तेव्हा गप्प का राहिलात?

आपलं दुकान फुटक्या भांड्यांना डाग देऊन सांधण्याचं. सातपुड्यात आलेल्या कोण्या साहेबाने मोडका विलायती गळ दुरुस्तीला आणला. ओढला की त्याच्यावरचं पितळी पातं पाण्यात गरगर फिरायचं, आणि मोठा मासा ते लहान मासा समजून झडप घालायचा. त्याची नक्कल करता करता तुम्हा बहीणभावांना वेडच लागलं. फुटक्या परातीचा पत्रा कापायचा, ठोकून खोलगट करायचा, मग वाद घालायचा, रुंद बरं की लांबट? माझ्याशी दिवसभर धड न बोलणारा माणूस तुमच्याशी एका पात्यावर संध्याकाळ काढायचा.

मी चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. "निवळ, वाहत्या पाण्याले लांबट पातं," तुम्ही सांगायचात. "गढूळ डोहात रुंदच पाह्यजे. तिथं पडीन मासा डोयानं नाई पाहत, अंगानं आयकते. रुंद पात्याची थरथर त्याले दुरून लागते."

तुम्ही तापात गेलात आणि यांनी नदी सोडली. जेवताना अक्का, दुकानात अक्का, उठताबसता तुमचंच नाव. मी समोर बसलेली कोणाला दिसत होते? काल मीच काठ्या काढल्या. "चाला," म्हटलं. एक काठी उचलून मागोमाग आले.

पावसाच्या पाण्याने डोह अजून गढूळ होता. त्यांनी लांबट पातं निवडलं. "अक्कानं हेच लावलं असतं," म्हणाले.

मला फार लागलं ते. तुमचं बोलणं त्यांच्यापेक्षा मीच नीट ऐकलं होतं ना? मी रुंद पातं बांधलं. लांब फेकलं, तळाला जाऊ दिलं आणि जेमतेम फिरेल इतक्या सावकाश ओढलं. रिकामं आलं. पुन्हा फेकलं, पुन्हा रिकामं. हात भरून आले.

मग काठी एकदम वाकली. पाठ वर आली तेव्हा कळलं, पडीन आहे. लांब मिशांचा, माझ्या कमरेला लागेल एवढा. मी घाबरून जोराने ओढू लागले, तोच मागून हे ओरडले, "अक्का, वढू नको! ढील दे, पयू दे त्याले!"

मी वळून पाहिलं नाही. ढील दिली.

मासा दमला, तेव्हा हे पाण्यात उतरले आणि कल्ल्यात हात घालून त्याला वाळूवर आणलं. मग तिथेच तोंड झाकून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीही रडले नव्हते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी काय म्हनलो तुले?"

"ढील दे म्हनले," मी सांगितलं.

तुमचं नाव गिळताना किती कडू लागलं, ते तुम्हाला काय कळणार? आणि तरी बरं वाटलं, की त्यांचं रडणं एकदाचं माझ्यासमोर झालं.

आता वचन देते. तुमच्या भावाला मी घरात कुढत बसू देणार नाही, दर रविवारी नदीवर नेईन. तुमची जागा मला नको, वच्छलाबाई. मला माझी हवी आहे. एक ना एक दिवस काठावरून ते मला हाक मारतील. तोवर तुमच्या नावाने मारली, तर ओ मीच देईन.

तुमची भावजय,
कमला