डाव्या हाताने पुसलेला डोळा

चि. धाकट्या, ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघाही सध्या गप्प आहे. आईचा खोकला थांबला का?

टीव्हीवरच्या वादात तुझा पुढारी जिंकला, म्हणून तू नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलास म्हणे, त्याच्या प्रचाराला जायला. जरा थांब. मी कामाला आहे त्याच स्टुडिओत तो वाद झाला, त्याच्या सदऱ्याला इस्त्री मीच केली. तेव्हा तो आरशासमोर तीनदा रडला. मला म्हणाला, "मावशी, डोळा कुठल्या हाताने पुसू?"

मी म्हटलं, "डाव्या. उजवीकडे कॅमेरा आहे, उजव्याने तोंड झाकेल बाबा."

वादात स्वतःच्या आईचं नाव काढून त्याने डोळा डाव्याच हाताने पुसला. वादातला समोरचा बिचारा अडखळत होता, पण मला काही विचारायला आला नव्हता.

तूही रडलास, असं आई म्हणाली. अरे, ते रडणं मी बसवलंय. राजीनामा फाड आणि कळव.

तुझीच,
ताई