दहापैकी नऊ

बाबा,

काल दुपारी आईने भुताच्या एका सिनेमाला दहापैकी दोन मार्क दिले आणि मला तुमची आठवण आली. प्रेमाने आली असं समजू नका. आम्ही दोघी हल्ली रविवारची जेवणं आटोपली की असा एखादा सिनेमा लावतो, भुताचा नाहीतर खुनाचा. आई पाय वर घेऊन बसते आणि संत्री सोलता सोलता पडद्यावरच्या बाईला झापते. "एवढा आवाज येऊन राहिला वरून, अन् तू एकटीच काहून चालली वं? शेजाऱ्याले हाक मार ना!" अशा प्रत्येक मूर्खपणाचा ती एक मार्क कापते. रिमोट तिच्या हातात असतो. नकोसं झालं की ती टीव्ही बंद करते आणि आमच्यापुरता सिनेमा तिथेच संपतो.

तुमच्या घरात असं मध्येच बंद करणं चालत नव्हतं. महाल भागातल्या त्या दोन भाड्याच्या खोल्या, बाहेर ऊन पेटलेलं, अंधार व्हावा म्हणून खिडकीला ठोकलेली जाड चादर, कोपऱ्यात घरघरणारा कूलर. उमरेडजवळच्या खाणीच्या ऑफिसात आठवडाभर तुम्ही काय करत होतात मला माहीत नाही, पण रविवारी गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातून कॅसेट घेऊन तुम्ही शेजाऱ्यांना हाका मारत यायचात. "चला, आज आमच्या पोरीचा पेपर आहे!" मंडळी सिनेमा बघायला सतरंजीवर दाटीवाटीने बसायची. तुम्ही मात्र माझ्या समोर, टीव्हीला जवळजवळ पाठ करून बसायचात, कारण तुमचे मार्क सिनेमाला नसायचेच. मी किती भ्याले, त्याचे ते मार्क. नुसती आईच्या पदराला धरून बसले तर तीन. रडले तर सहा-सात. मी हातांनी डोळे झाकले की तुम्ही ते हात ओढून खाली करायचात. "पाह्य! सगळे पाहून राहिले, तुलेच काय झालं?"

मी दुसरीत होते तेव्हाची ती दुपार. पडद्यावर एक म्हातारी विहिरीतून वर येते आहे. तिचे केस ओले आहेत, ती हळूहळू मान वळवते आहे, आणि माझे दोन्ही हात तुमच्या मुठीत आहेत. माझ्याखालची सतरंजी ओली झाली. शेजारच्या काकू आधी सरकल्या, मग त्यांनी फ्रॉककडे पाहिलं. तुम्ही टाळी वाजवून ओरडलात, "नऊ! दहापैकी नऊ!" सगळी खोली हसली. आईने मला उचललं आणि मोरीत नेऊन अंगावर पाणी घातलं. माझा फ्रॉक तिने तिथेच धुऊन पिळला. बाहेर तुम्ही तोच प्रसंग कॅसेट मागे नेऊन पुन्हा दाखवत होतात.

त्यानंतर मी शहाणी झाले. संगीत बदललं की किंचाळायचं, हे मी शिकले. तुम्हाला हवं ते लवकर मिळालं की तुम्ही खूश व्हायचात, आणि तुम्ही खूश असलात की संध्याकाळी आईवर ताट भिरकावलं जायचं नाही. तुमचे मार्क मीच ठरवत होते, बाबा, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

मग ती दुसरी दुपार. त्या दिवशी भूत नव्हतं. एक नवरा बायकोला खोलीत कोंडतो, बाहेरून कडी लावतो आणि दाराशी बसून शांतपणे जेवतो, असा सिनेमा होता. आई उठली. तुम्ही म्हणालात, "बस खाली. अजून खरी मजा यायची आहे."

"मले नाही पाहायचं."

"काहून? भेव लागून राहिलं का?"

आई सगळ्यांसमोर म्हणाली, "भेव कशाचं? मी हे रोजच पाहून राहिली."

शेजारच्या काकूंनी मान खाली घातली. म्हणजे त्यांना माहीत होतं, भिंतीपलीकडून सगळं ऐकू जात होतं, आणि तरी दर रविवारी त्या येऊन बसत होत्या. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे पाहिलंत, हसलात आणि म्हणालात, "वा! दहापैकी दहा!" कोणीही हसलं नाही. मी तुमच्याकडे बघत होते. तुमचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर आईने एका पिशवीत माझे कपडे भरले आणि आम्ही एसटीने मामाकडे गेलो. तुम्ही आठवड्याने न्यायला आलात तेव्हा मामाच्या ओसरीवर तुम्ही काय रंग भरलात! मामी हसून हसून डोळे पुसत होती. मामा आईला म्हणाला, "जा ना वं, एवढा मोकळ्या मनाचा माणूस आहे." आई स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आलीच नाही. तिथूनच म्हणाली, "मी येत नाही. अन् पोरगीही येत नाही." तुम्ही कपातला चहा संपवलात, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि निघून गेलात. आईने मामाच्याच गावात लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं. तुम्ही पुन्हा एकदाही आला नाहीत.

मी कॉलेजात असताना तुमचं हृदय बंद पडल्याचा निरोप आला. तेराव्याला मी एकटी आले होते. पंगतीत जो तो मला सांगत होता, "लय हौशी माणूस होता तुझा बाप. सगळ्या गल्लीले फुकट पिक्चर दाखवे." शेजारच्या काकू डोळ्याला पदर लावून होत्या. वाढलेलं पान तसंच ठेवून मी उठले. त्या बेअदबीबद्दल मला आजही काही वाटत नाही.

हे लिहिताना आई आत्ता मागे येऊन उभी राहिली. "काय लिहून राहिली वं एवढं?" मी म्हटलं, ऑफिसचं काम. हे मी तिला दाखवणार नाही. मागच्या रविवारी सिनेमा बघता बघता ती सहज म्हणाली, "तुझा बाबा असता तर यावर लय हसला असता," आणि पुढची फोड तोंडात टाकली. आवाजात कडूपणा नव्हता. शोधून पाहिला, नव्हता. तिचा राग केव्हा संपला, तिने मला सांगितलंही नाही. आता तो एकट्या माझ्याकडे आहे, आणि मी तो जपते. तुमचा फोटो मी ठेवला नाही, तुमचं घड्याळ, चष्मा, काहीच आणलं नाही. हा रागही गेला, तर माझ्याजवळ तुमचं काहीच राहणार नाही, आणि ते मला चालणार नाही.